जुना लॅपटॉप, नवा लॅपटॉप : व्हिडिओ एन्कोडिंगचा वेग आणि तुलनेचे अर्थशास्त्र

भारतातील उच्च शिक्षणात दृक्‌श्राव्य पाठांना आता दोन दशकांहून अधिक काळाची परंपरा लाभली आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम हाती घेतला. जुलै २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे व्यासपीठ आणि त्याच्या जोडीला ‘स्वयंप्रभा’च्या ३२ दूरचित्रवाहिन्या सुरू झाल्या. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीने वर्ग बंद पाडले, तेव्हा लहान गावांतील महाविद्यालयांनाही आपली व्याख्याने स्वतः चित्रित करून विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवावी लागली. या सर्व प्रक्रियेत चित्रीकरण आणि प्रसारण यांच्यामध्ये एक टप्पा येतो. त्याला व्हिडिओ एन्कोडिंग म्हणतात. हा टप्पा संगणकाची शक्ती सर्वाधिक खर्च करणारा आहे. त्यामुळे हाताशी असलेले जुने लॅपटॉप पुरेसे आहेत की नवे घेतले पाहिजेत, हा प्रश्न अनेक संस्थांसमोर उभा राहतो.

नवा लॅपटॉप जुन्यापेक्षा वेगवान असणार, हे उघड आहे. परंतु तो किती पट वेगवान आहे, कोणत्या कामासाठी वेगवान आहे आणि त्या वेगाचे मोल किती, या प्रश्नांची उत्तरे तितकी सरळ नाहीत. ती शोधताना उत्पादकता, बाह्य परिणाम, गुणवत्ता-समायोजित किंमत, सीमांत लाभ, घसारा अशा अनेक आर्थिक संकल्पना एकाच उदाहरणातून स्पष्ट होतात. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने म्हणूनच हा विषय उद्बोधक ठरतो.

एन्कोडिंग म्हणजे काय?

व्हिडिओ म्हणजे वेगाने एकामागून एक दाखविलेली स्थिर चित्रे. भारतातील दूरचित्रवाणीच्या प्रचलित पद्धतीप्रमाणे दर सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर एका तासाच्या व्याख्यानात ९०,००० फ्रेम असतात. १९२० बाय १०८० या आकाराच्या प्रत्येक फ्रेममध्ये २०,७३,६०० चित्रबिंदू असतात आणि नेहमीच्या रंगपद्धतीत प्रत्येक बिंदूसाठी सरासरी दीड बाइट माहिती लागते. हा हिशेब केल्यास एका तासाची मूळ माहिती सुमारे २८० गिगाबाइट भरते. एवढी माहिती सामान्य इंटरनेट जोडणीवरून पाठविणे अशक्यप्राय आहे. फळा किंवा स्लाइड दाखविणारे व्याख्यान दर सेकंदाला एक मेगाबिट एवढ्या प्रवाहात बसविले, तर तोच तास सुमारे ४५० मेगाबाइटमध्ये मावतो. म्हणजे मूळ माहिती सहाशे पटींहून अधिक आक्रसते. ही आक्रसण्याची क्रिया म्हणजे एन्कोडिंग होय.

हे साध्य होते ते पुनरुक्ती टाळून. शिक्षकाच्या मागील भिंत एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये बदलत नाही. मग ती प्रत्येक वेळी नव्याने कशाला साठवायची? एन्कोडर प्रत्येक फ्रेमचे लहान चौरसांत विभाजन करतो. प्रत्येक चौरसाशी मिळताजुळता भाग आधीच्या वा नंतरच्या फ्रेममध्ये कोठे आहे, याचा तो शोध घेतो आणि केवळ फरक नोंदवितो. मे २००३ मध्ये मान्य झालेल्या ‘एच.२६४’ या मानकात हे चौरस १६ बाय १६ बिंदूंचे असतात. त्या हिशेबाने वरील आकाराच्या फ्रेममध्ये ८,१६० आणि एका तासाच्या व्याख्यानात ७३ कोटींहून अधिक चौरस होतात. प्रत्येकासाठी किती ठिकाणी शोध घ्यायचा, हे एन्कोडर ठरवितो. शोध जितका सखोल, तितकी फाइल लहान किंवा चित्र चांगले. मात्र वेळ तितकाच अधिक. वेग, दर्जा आणि आकार या तिघांमधील हा विनिमय हा या विषयाचा गाभा आहे.

वेगवाढीचे स्रोत

गेल्या वीस वर्षांत लॅपटॉपची एन्कोडिंग-क्षमता कशी वाढली, हे समजून घेण्यासाठी तीन प्रत्यक्ष प्रोसेसरांचे उदाहरण घेता येईल. २००६ मध्ये आलेल्या इंटेलच्या ‘कोअर २ ड्युओ टी७२००’ या प्रोसेसरमध्ये दोन कोअर होते आणि त्याची घड्याळगती दोन गिगाहर्ट्‌झ होती. २०१७ मधील त्याच कंपनीच्या ‘कोअर आय५-८२५०यू’ मध्ये चार कोअर आले. मात्र त्याची मूळ घड्याळगती १.६ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे आधीच्यापेक्षा कमी होती. थोड्या वेळासाठी ती ३.४ गिगाहर्ट्‌झपर्यंत जाऊ शकते. उष्णतेची निर्धारित मर्यादा मात्र ३४ वॅटवरून १५ वॅटवर आली. २०२० मधील ॲपलच्या ‘एम१’ या चिपमध्ये आठ कोअर असून त्यांपैकी वेगवान चार कोअर सुमारे ३.२ गिगाहर्ट्‌झवर चालतात.

२००६ च्या प्रोसेसरमध्ये सुमारे २९ कोटी ट्रान्झिस्टर होते. ‘एम१’ मध्ये त्यांची संख्या १,६०० कोटी आहे. (‘एम१’ या चिपवर चित्र-प्रक्रियेसह इतर अनेक भाग सामावलेले असल्याने ही तुलना काटेकोर नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.) ट्रान्झिस्टर ५५ पट झाले, घड्याळगती मात्र केवळ १.६ पट झाली. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये मांडलेले आणि १९७५ मध्ये सुधारलेले निरीक्षण ट्रान्झिस्टरांच्या संख्येविषयी होते, वेगाविषयी नव्हे. ट्रान्झिस्टर लहान होताना त्याला लागणारी वीजही त्याच प्रमाणात घटते, हा रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखविलेला संबंध या शतकाच्या पहिल्या दशकाच्या मध्यास टिकेनासा झाला. त्यानंतर घड्याळगती वाढविली की चिप अतोनात तापू लागली. म्हणून उत्पादकांनी अन्य तीन मार्ग चोखाळले.

पहिला मार्ग अधिक कोअरचा. दुसरा मार्ग एकाच आदेशाने अनेक बिंदूंवर क्रिया करण्याचा. २००६ च्या प्रोसेसरमधील १२८ बिट रुंदीचा आदेश एका वेळी १६ बिंदू हाताळत असे. २०१३ पासून आलेल्या २५६ बिट रुंदीच्या आदेशांनी ही संख्या ३२ झाली. एन्कोडिंगमध्ये एकच गणित लाखो बिंदूंवर पुन्हा पुन्हा करावयाचे असल्याने या सुधारणेचा लाभ त्यास विशेषत्वाने मिळतो. तिसरा मार्ग म्हणजे केवळ एन्कोडिंगसाठीच घडविलेले स्वतंत्र मंडल. इंटेलने २०११ मध्ये ‘क्विक सिंक’ या नावाने ते आपल्या प्रोसेसरमध्ये समाविष्ट केले आणि पुढे लॅपटॉपमध्ये ते सर्वसामान्य झाले.

याशिवाय एक स्रोत यंत्राबाहेरचा आहे, तो म्हणजे सॉफ्टवेअर. ‘एक्स२६४’ सारख्या मुक्त स्रोत एन्कोडरमध्ये वर्षानुवर्षे सुधारणा होत गेल्या आणि त्या जुन्या लॅपटॉपवरही विनामूल्य उपलब्ध झाल्या. यंत्र न बदलता मिळालेल्या या उत्पादकतावाढीची नोंद खरेदीच्या हिशेबात बहुधा होत नाही.

कोअर दुप्पट, वेग दुप्पट?

कोअरची संख्या वाढली की वेग त्याच प्रमाणात वाढेल, असा समज असतो. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये त्याची मर्यादा दाखवून दिली. कामाचा जो भाग एकापाठोपाठ एक असाच करावा लागतो, तो एकूण वेगवाढीवर बंधन घालतो. समजा, एखाद्या कामाचा ८० टक्के भाग विभागता येतो आणि २० टक्के येत नाही. आठ कोअर लावल्यास पहिला भाग १० टक्के वेळेत होईल, दुसऱ्याला मात्र २० टक्के वेळ लागेलच. एकूण वेळ ३० टक्के, म्हणजे वेगवाढ केवळ ३.३ पट. कोअर कितीही वाढविले तरी ती पाच पटींच्या पुढे जाणार नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही रचना परिचित वाटेल. एक घटक स्थिर ठेवून दुसऱ्याच्या मात्रा वाढवीत गेल्यास वाढीव उत्पादन घटत जाते, हा घटत्या सीमांत फलाचा नियम येथे वेगळ्या कारणाने, परंतु तशाच रूपात दिसतो. विकास नियोजनातील ‘अडसर’ ही कल्पनाही याहून वेगळी नाही. बंदराची क्षमता तिप्पट केली आणि तेथून निघणारा रस्ता तसाच ठेवला, तर मालाची वाहतूक तिप्पट होत नाही.

तुलना कशी करावी?

तुलनेचा पहिला नियम असा की ज्याची तुलना करावयाची, ते वगळता बाकी सर्व स्थिर असावे. दोन्ही लॅपटॉपवर तीच मूळ चित्रफीत, तेच मानक, तोच आकार आणि सॉफ्टवेअरची तीच आवृत्ती वापरली पाहिजे. वेग ‘दर सेकंदाला किती फ्रेम’ या एककात नोंदविणे सोयीचे ठरते. २५ फ्रेमच्या चित्रफितीवर दर सेकंदाला ५० फ्रेम हा वेग मिळाला, तर एका तासाचे काम अर्ध्या तासात होईल.

दुसरा नियम कालावधीचा. बारीक बांध्याचा लॅपटॉप पहिल्या काही सेकंदांत पूर्ण वेगाने धावतो. तापू लागल्यावर त्याला गती कमी करावी लागते. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीवर घेतलेली चाचणी म्हणूनच दिशाभूल करते. किमान वीस-पंचवीस मिनिटे अखंड चालणारे काम दिल्यावरच यंत्राचा टिकाऊ वेग कळतो. जुन्या लॅपटॉपचा पंखा धुळीने भरला असेल, तर तो साफ करून मगच चाचणी घ्यावी. अन्यथा तुलना यंत्राच्या वयाची न होता देखभालीची होईल. अनेक लॅपटॉप बॅटरीवर असताना आपला वेग आवरतात. म्हणून दोन्ही यंत्रे विजेच्या जोडणीवर असणे आवश्यक आहे.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा नियम दर्जाचा. नवा लॅपटॉप स्वतंत्र मंडलाचा वापर करतो आणि जुना सॉफ्टवेअरने सखोल शोध घेतो, अशी तुलना नेहमी होते. तीत नवा लॅपटॉप अनेक पटींनी पुढे दिसतो. परंतु दोघांनी एकच काम केलेले नसते. स्वतंत्र मंडलाची कामाची पद्धत सिलिकॉनवरच कोरलेली असते. ते अतिशय जलद आणि कमी विजेत काम करते. मात्र सावकाश, सखोल शोध घेणाऱ्या सॉफ्टवेअरइतका दर्जा राखण्यासाठी त्याला बहुधा अधिक मोठी फाइल लागते. म्हणून वेगाच्या आकड्याबरोबर फाइलचा आकार आणि चित्राचा दर्जा हे दोन्ही सांगितले गेले पाहिजेत. दर्जा मोजण्यासाठी २००४ मध्ये मांडला गेलेला ‘एसएसआयएम’ आणि नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुला केलेला ‘व्हीएमएएफ’ असे निर्देशांक उपलब्ध आहेत.

वेग कोणाचा, खर्च कोणाचा?

दर्जाचा हा नियम केवळ तांत्रिक काटेकोरपणाचा नाही. त्यामागे खर्चाच्या वाटणीचा प्रश्न आहे. एक गृहीत उदाहरण घेऊ. एका महाविद्यालयाने एक तासाचे व्याख्यान सखोल पद्धतीने एन्कोड केले; त्याला पाच तास लागले आणि फाइल ४५० मेगाबाइटची झाली. त्याच दर्जासाठी जलद पद्धतीने अर्ध्या तासात काम झाले. परंतु फाइल २० टक्क्यांनी मोठी, म्हणजे ५४० मेगाबाइटची झाली. महाविद्यालयाचे साडेचार तास वाचले. हे व्याख्यान दहा हजार विद्यार्थ्यांनी पाहिले, तर प्रत्येकी ९० मेगाबाइट या हिशेबाने ९०० गिगाबाइट अधिक माहिती वाहून न्यावी लागेल. तिचा भार मोबाइलच्या दैनंदिन डेटा-मर्यादेत अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांवर पडेल. ज्या गावात जोडणी मंद आहे, तेथे चित्र मध्येच थांबेल.

निर्णय घेणारा एक आणि खर्च सोसणारे दुसरेच, या स्थितीला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. एन्कोडिंग एकदाच होते, पाहणे हजारो वेळा होते. म्हणून प्रेक्षकसंख्या मोठी असेल, तेथे निर्मात्याने अधिक वेळ खर्च करणे समाजाच्या दृष्टीने किफायतशीर ठरते. याउलट थेट प्रक्षेपण असेल किंवा चित्रफीत मोजक्याच लोकांसाठी असेल, तर जलद पद्धत योग्य होय. नवी मानकेही याच तत्त्वावर उभी आहेत. २०१३ मधील ‘एच.२६५’ आणि २०१८ मधील ‘एव्ही१’ ही मानके त्याच दर्जासाठी ‘एच.२६४’ पेक्षा बरीच लहान फाइल देतात. त्या बदल्यात निर्मात्याकडून अनेक पट गणन मागतात. ज्या संस्थेचा व्याप प्रचंड असतो, ती या कामासाठी स्वतंत्र चिपही घडविते. यूट्यूबने आपल्या केंद्रांसाठी अशी चिप तयार केल्याचे गुगलने २०२१ मध्ये जाहीर केले आणि आधीच्या सॉफ्टवेअर-आधारित व्यवस्थेच्या तुलनेत २० ते ३३ पट कार्यक्षमता मिळाल्याचे नमूद केले.

किंमत निर्देशांकापुढील पेच

जुन्या-नव्या लॅपटॉपच्या तुलनेचा एक धागा राष्ट्रीय सांख्यिकीपर्यंत जातो. समजा, एका संस्थेने पूर्वी ५०,००० रुपयांना घेतलेला लॅपटॉप विशिष्ट एन्कोडिंग पाच तासांत करीत असे आणि आज त्याच किमतीचा लॅपटॉप तेच काम, तेवढ्याच दर्जाने, अर्ध्या तासात करतो. लॅपटॉपची किंमत बदलली नाही, असे म्हणावे की ती एक-दशांश झाली, असे म्हणावे? पहिले उत्तर स्वीकारल्यास भांडवलनिर्मितीचे वास्तव मूल्य कमी दिसेल. दुसरे स्वीकारल्यास देशाच्या भांडवलसाठ्यात मोठी वाढ दिसेल.

या पेचावर उपाय म्हणून गुणवैशिष्ट्यांवर आधारित, म्हणजेच ‘हेडॉनिक’ निर्देशांकाची पद्धत विकसित झाली. वस्तूची किंमत ही तिच्या गुणवैशिष्ट्यांच्या किमतींची बेरीज आहे, असे मानून गुणवत्तेतील बदलाचा भाग वेगळा काढला जातो. मोटारगाड्यांसंबंधी ॲन्ड्रू कोर्ट यांनी १९३९ मध्ये आणि झ्वी ग्रिलिकेस यांनी १९६१ मध्ये या पद्धतीचा वापर केला. अमेरिकेने आयबीएमच्या सहकार्याने संगणकांचा असा निर्देशांक तयार करून १९८५ मध्ये राष्ट्रीय लेख्यांत त्याचा अवलंब केला.

मात्र या पद्धतीलाही मर्यादा आहे. तोच नवा लॅपटॉप केवळ पत्रे टंकलिखित करण्यासाठी घेतला, तर दहा पट वेगाचा लाभ शून्यवत आहे. एन्कोडिंगमध्ये दहा पट, हिशेबाच्या तक्त्यांत कदाचित दीड-दोन पट आणि टंकलेखनात जवळजवळ काहीच नाही, असा एकाच यंत्राचा वेग कामागणिक बदलतो. वेग हा एकट्या यंत्राचा गुण नसून यंत्र आणि काम यांच्यातील संबंध आहे, हे येथे स्पष्ट होते.

वेग वाढला, वेळ वाचला का?

क्षमता वाढली की प्रतीक्षा संपेल, ही अपेक्षा प्रत्यक्षात क्वचितच पूर्ण होते. जुन्या दूरचित्रवाणीच्या ७२० बाय ५७६ आकाराच्या फ्रेममध्ये ४,१४,७२० बिंदू असत. १९२० बाय १०८० च्या फ्रेममध्ये ते बरोबर पाच पट आहेत आणि ३८४० बाय २१६० च्या, म्हणजे ‘फोर-के’ फ्रेममध्ये वीस पट. त्यातच दर सेकंदाला २५ ऐवजी ५० फ्रेम घेतल्या, तर काम चाळीस पट होते. लॅपटॉपचा वेग चाळीस पट वाढला आणि मागणीही चाळीस पट वाढली, तर संपादकाला पूर्वीइतकीच वाट पाहावी लागते.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये ब्रिटनमधील कोळशासंबंधी असेच निरीक्षण नोंदविले होते. वाफेची यंत्रे अधिक कार्यक्षम झाल्याने कोळशाचा वापर घटला नाही, उलट वाढला. पुढे १९८७ मध्ये रॉबर्ट सोलो यांनी संगणक सर्वत्र दिसत असले तरी उत्पादकतेच्या आकडेवारीत त्यांचा परिणाम आढळत नाही, या विसंगतीकडे लक्ष वेधले. वाढलेली क्षमता उपयुक्त उत्पादनात उतरते की केवळ अधिक देखण्या उत्पादनात विरून जाते, हे मागणीच्या स्वरूपावर अवलंबून असते. फळ्यावरील अक्षरे स्वच्छ वाचता येणे ही विद्यार्थ्याची गरज आहे. ‘फोर-के’ चित्र ही बहुतेक वेळा गरज नसते.

जुने यंत्र केव्हा बदलावे?

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. वरील उदाहरणातील महाविद्यालय आठवड्याला चार व्याख्याने तयार करते, असे मानू. जुन्या लॅपटॉपवर पाच तासांच्या हिशेबाने २० तास लागतील. आठवड्यात १६८ तास असतात आणि एन्कोडिंग रात्री, माणसाच्या उपस्थितीविना चालू शकते. येथे यंत्राची गती हा अडसर नाही. नव्या यंत्राने वाचणारा वेळ कोणाच्याही उपयोगाचा नसेल, तर त्याचे आर्थिक मूल्य नगण्य आहे. परंतु तेच काम आठवड्याला ४० व्याख्यानांचे झाले, तर २०० तास लागतील. १६८ तासांत ते बसणार नाही, रांग वाढत जाईल आणि नव्या यंत्राचा सीमांत लाभ एकदम मोठा होईल. तसेच संपादक यंत्रासमोर बसून निष्कर्षाची वाट पाहत असेल, तर त्याच्या वेळेचा संधी-खर्च हिशेबात घ्यावा लागेल.

विजेच्या बचतीचा हिशेबही करून पाहावा. जुना लॅपटॉप ६० वॅट दराने पाच तास आणि नवा ४५ वॅट दराने अर्धा तास चालला, असे गृहीत धरल्यास प्रत्येक व्याख्यानामागे सुमारे ०.२८ युनिट वीज वाचते. वर्षभरातील २०८ व्याख्यानांमागे ही बचत सुमारे ५८ युनिट, म्हणजे आठ रुपये दराने साडेचारशे रुपयांच्या आसपास होते. केवळ विजेच्या बचतीवर ५०,००० रुपयांच्या खरेदीचे समर्थन करता येणार नाही. जुन्या लॅपटॉपवर पूर्वी झालेला खर्च हा बुडीत खर्च असल्याने तोही या निर्णयात येऊ नये. पुढे होणारा लाभ आणि पुढे होणारा खर्च, एवढेच तपासावयाचे असते.

लेखाशास्त्रातील आयुष्य आणि उपयुक्त आयुष्य यांतील फरकही ध्यानात घेतला पाहिजे. कंपनी कायदा, २०१३ च्या अनुसूची दोनमध्ये लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे मानले आहे. प्राप्तिकरासाठी संगणकांवरील घसाऱ्याचा कमाल दर आर्थिक वर्ष २०१७-१८ पासून ६० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणण्यात आला. हे हिशेबाचे संकेत आहेत. चौथ्या वर्षी यंत्र निकामी होते, असा त्यांचा अर्थ नाही. मात्र वेगाशी संबंध नसलेली कारणे कधीकधी निर्णायक ठरतात. विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी ठरविलेल्या अटींत २००६ चा प्रोसेसर बसत नाही. २०१७ चा ‘आय५-८२५०यू’ बसतो. अशा वेळी मुक्त स्रोत कार्यप्रणाली घालून जुन्या यंत्राकडून केवळ एन्कोडिंगचे काम करून घेता येते.

यंत्र बदलण्याचा सामाजिक खर्च वेगळाच आहे. लॅपटॉपमध्ये तांबे आणि सोन्यासारखे मौल्यवान धातू असतात, तसेच घातक द्रव्येही असतात. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून त्यांनी उत्पादकांवर पुनर्चक्रणाची विस्तारित जबाबदारी टाकली आहे. टाकून दिलेले यंत्र अधिकृत पुनर्चक्रण केंद्राऐवजी भंगार बाजारात गेले, तर त्याची किंमत तेथे उघड्या हातांनी तारा जाळणारा कामगार चुकवितो. ही किंमत खरेदीच्या निविदेत कोठेही दिसत नाही.

धोरणात्मक बोध

माहिती तंत्रज्ञानाच्या उपकरणांचे देशांतर्गत उत्पादन वाढविण्यासाठी केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये १७,००० कोटी रुपयांच्या उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनेला मंजुरी दिली. सेमीकंडक्टर क्षेत्रासाठी डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम जाहीर झाला. पुरवठ्याच्या बाजूने होणाऱ्या या प्रयत्नांना मागणीच्या बाजूने सुजाण खरेदीची जोड मिळणे आवश्यक आहे. शैक्षणिक संस्थांनी निविदेत केवळ गिगाहर्ट्‌झ आणि कोअर यांचे आकडे न मागता ‘अमुक दर्जाची, अमुक आकाराची एक तासाची चित्रफीत अखंड कामात किती वेळात तयार होते’ असा कामावर आधारित निकष मागावा. अनेक महाविद्यालयांनी मिळून एक सक्षम केंद्र उभारल्यास प्रत्येकाने वेगळे महागडे यंत्र घेण्याची गरज उरणार नाही. वाचलेला पैसा चांगल्या ध्वनिमुद्रणासाठी, शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आणि भारतीय भाषांतील पाठांसाठी वापरता येईल.

जुन्या आणि नव्या लॅपटॉपमधील वेगाचा फरक खरा आहे आणि तो मोठाही आहे. तथापि, काम, दर्जा आणि आकार स्थिर ठेवून मोजलेला, खरोखर अडलेले काम सोडविणारा आणि ज्याचा भार दुसऱ्यावर ढकलला जात नाही, असाच वेग उत्पादकता या संज्ञेस पात्र ठरतो. सार्वजनिक निधीतून होणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञान-खरेदीला ही कसोटी लावणे हिताचे ठरेल. मंद जोडणीवर व्याख्यान पाहणाऱ्या शेवटच्या विद्यार्थ्याला ते न अडखळता पाहता आले की नाही, यावरच अखेरीस या वेगाचे मूल्यमापन व्हावयास हवे.